शंकरपाळीची चांदणी : गोधडीवाल्या मावशींना पत्र

तीर्थस्वरूप मावशी यांस,

आमच्या घरचा सलाम, आणि तुमचं राम कृष्ण हरी.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं त्याच्याशी ठरलंय. तोंडावर आभार मानायला दोनदा आले, दोन्ही वेळा तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठलात. म्हणून लिहायला बसले. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला कारण आहे. नाताळात घरी आलेल्या प्रत्येकाने गोधड्या हातात घेऊन पाहिल्या, उलट्या करून टाके पाहिले आणि "कुठून आणल्या?" असं विचारलं. पाहुण्यांच्या गडबडीत मी नुसतं "घरीच शिवल्या" म्हणत राहिले. ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं तुमचं आहे.

आईची ती पत्र्याची ट्रंक तुम्ही पाहिलीत, पण ती उघडायला आम्हाला किती वर्षं लागली ते तुम्हाला ठाऊक नाही. आई तेहतीस वर्षं मिशन दवाखान्यात नर्स होती, त्यातली बरीच बाळंतपणाच्या वॉर्डात. बारीक निळ्या काठाच्या पांढऱ्या सुती साड्या, कडक खळ, खांद्याला पिन. निवृत्त झाल्यावर तिने त्यातल्या सतरा साड्या धुऊन, घडी करून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्या. कुणाला दिल्या नाहीत, पुसायला घेऊ दिल्या नाहीत, आणि नेसल्याही नाहीत. दर पावसाळ्यानंतर ऊन द्यायची आणि परत ठेवायची. ऑक्टोबरमध्ये भावाला मुलगी झाली. धाकटी बहीण दुबईहून नाताळाला येणार असं कळलं. त्या रात्री आई जेवता जेवता म्हणाली, "यंदा सगळे आहेत. चार घरं, चार गोधड्या. माझ्या साड्यांच्या." तिची बोटं आता संधिवाताने वाकली आहेत, सुई धरवत नाही. म्हणजे काम माझ्याकडे आलं.

मला मशीनवर ब्लाउज शिवता येतं, झबली शिवता येतात. वाटलं, गोधडीत काय आहे, सरळ रेघा तर मारायच्या. दोन साड्या पुण्याला नेल्या, चार पदरी घडी घातली आणि मशीनखाली सारल्या. मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या रेघेपर्यंत वरच्या थराला चुण्याच चुण्या पडल्या होत्या आणि दोन सुया मोडल्या होत्या. ते बोचकं नगरला आणून आईपुढे ठेवलं. ती रागावली नाही. तळहाताने एकेक चुणी सरळ करत बसली. चुण्या शिवणीत अडकलेल्या, त्या सरळ होणार कशा? तरी ती करत होती. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी भिंगारच्या वाटेवर रिक्षातून जाताना तुमच्या भिंतीवर वाळत घातलेली गोधडी दिसली. मी रिक्षा थांबवून उतरले. तुम्ही तेव्हा शेंगा फोडत बसला होतात. मी भडाभडा सगळं सांगितलं आणि तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "कापड सुती हाये का?"

तुम्ही घरी आलात तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. ट्रंकेतला तो पांढरा ढीग पाहून तुम्ही म्हणालात, "पांढरं पांघरून कुणी निजत न्हाई, पोरी." माझ्या पोटात गोळा आला. मी आईकडे बघितलं. आई शांतपणे म्हणाली, "बाई, हेच नेसून मी तेहतीस वर्षं लोकांची लेकरं हातात घेतली." तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. एक साडी उचललीत, पदर अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलात, मग गालाला लावलात. "मुरलंय चांगलं," असं म्हणालात. आणि थोड्या वेळाने, "हे पोटात घालू. वर रंग घालू. आईची माया आतूनच लागती."

मावशी, त्या एका वाक्यात तुम्ही तुमचा रिवाजही राखलात आणि आईचा मानही. आम्ही तिघं भावंडं शिकलेली, पण आमच्यापैकी कुणाला ते सुचलं नसतं.

मग तुम्ही आम्हाला कामाला लावलंत. पहिला हुकूम खळीचा. वर्षानुवर्षं धुतलेल्या साड्या, त्यात खळ कसली, असं मला वाटलं होतं. तुम्ही घमेल्यात गरम पाणी आणि सोडा घालून एक साडी भिजवलीत आणि अर्ध्या तासाने मला पाण्यात हात घालायला लावलात. पाणी पेजेसारखं बुळबुळीत झालं होतं. खळ राहिली तर सुई अडते आणि माळ्यावर कसर लागते, हे तेव्हा कळलं. उरलेल्या साड्या धुवायला तीन दिवस गेले. काठ उसवायचं काम आईने मागून घेतलं. ब्लेडने टाका कापून चिमटीने दोरा ओढणं तिला जमत होतं, आणि त्या तीन दुपारी ती जितकी बोलली तितकी गेल्या वर्षभरात बोलली नव्हती. एका साडीच्या कोपऱ्यात धोब्याच्या काळ्या शाईची खूण निघाली. मी तो तुकडा कापायला निघाले, तर तुम्ही माझा हात धरलात. "ऱ्हाऊ दे. तिची वळख हाये ती."

एक गोष्ट इथे कबूल करायची आहे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत शिवणकामाचा मोठा अभिमान आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं, मुलींच्या शाळा निघाल्या आणि त्या शाळांतून शिवण, कशिदा घराघरांत गेला. माझ्या आजीने बोर्डिंगात शिकून विणलेले क्रोशाचे रुमाल आजही आमच्या बैठकीत काचेच्या कपाटात आहेत. आणि त्याच आजीने शिवलेल्या गोधड्या? त्या माळ्यावर. पाहुणे आले की गादीखाली. क्रोशा दाखवायचा आणि गोधडी झाकायची, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आणि कधी का म्हणून विचारलं नाही. गोधडी म्हणजे गरिबी, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं. तुम्ही आजीची गोधडी माळ्यावरून काढायला लावलीत, अंगणात पसरलीत आणि मागची बाजू बघून म्हणालात, "ही बाई कडेकडनं आत गेलीया. एक टाका सुटला न्हाई." साठ वर्षांपूर्वीच्या माझ्या आजीला मिळालेली ती पहिली दाद असेल. आता ती गोधडी कपाटात रुमालांच्या शेजारी ठेवली आहे.

अंगणात आपण पहिली गोधडी मांडली तो रविवार. उपासनेवरून आम्ही आलो तेव्हा तुम्ही आधीच येऊन फरशी पुसून बसला होतात. खाली आजीचं जुनं इरकली लुगडं, वर आईच्या तीन पांढऱ्या साड्या एकावर एक, चार कोपऱ्यांना दोन विटा, वरवंटा आणि पाण्याने भरलेला तांब्या. तुम्ही मधोमध बसून दोन्ही तळहात बाहेरच्या दिशेने फिरवत गेलात, पीठ पसरावं तसं. हवा, सुरकुती, सगळं कडेला. मग वीतवीतभर अंतरावर कच्चे टाके. मी विचारलं, हे शेवटी काढायचेच तर एवढे कशाला? तुम्ही माझं मशीनवरचं बोचकं पुढे ओढलंत. मला उत्तर मिळालं.

आणि धावदोरा! तुम्ही गोधडीवरच बसलात, एक पाय दुमडून, एक पसरून. कडेच्या काठाला लागून पहिली ओळ, मग तिच्यापासून बोटभर आत दुसरी, अशी चारी बाजूंनी फिरत फिरत मधोमध. सुई हलत नव्हती, कापडच सुईवर चढत होतं, चार टाके, पाच टाके, मग एकदम ओढ. दोरा फार ओढला की कापड आवळतं, सैल सोडला की बोट अडकतं. ती मधली ओढ मला तीन आठवड्यांनी जमली. गेल्या नाताळच्या मेणबत्त्यांचे तुकडे आई डब्यात साठवून ठेवते, ते तुम्ही मागून घेतलेत. प्रत्येक दोरा सुईत ओवण्याआधी मेणावरून दोनदा ओढायचा, म्हणजे पीळ पडत नाही आणि गुंता होत नाही. त्या चारही गोधड्यांच्या दोऱ्यांना आमच्या घरच्या नाताळचं मेण लागलं आहे. बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने गोधडी नाकाशी नेली. वास काही येत नाही, पण मीही तसंच केलं होतं.

आता चांदणीचं सांगते, कारण नाताळभर सगळ्यांनी तिच्याबद्दलच विचारलं.

वरच्या थराला चांदणी हवी असा माझा हट्ट होता. बेथलेहेमचा तारा आमच्या दारात बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा लागतो, तसा गोधडीवर कापडाचा हवा होता. तुम्ही म्हणालात, चांदणी आमच्यात करत न्हाईत, चौकटी करते, शंकरपाळी करते. मी हिरमुसले. भाची कंपासपेटी घेऊन आली, कागदावर तारा काढला, मी कापून शिवला, आणि मध्ये असा फुगा आला की वाटी पालथी घालावी. तुम्ही तो फुगा बोटाने दाबून बघितलात आणि आत जाऊन नाताळच्या फराळाच्या डब्यातून एक शंकरपाळी घेऊन आलात. ती फरशीवर ठेवलीत. मग तिला टेकून दुसरी, तिसरी. सहा शंकरपाळ्या टोकाला टोक लावून गोल मांडल्यावर सहा कोपऱ्यांची चांदणी तयार झाली. आम्ही सगळे बघतच राहिलो.

"पर शंकरपाळी नेमकी पायजे," असं म्हणून तुम्ही नेमकी म्हणजे काय ते दोऱ्याने दाखवलंत. पुठ्ठ्यावरच्या शंकरपाळीची एक बाजू दोऱ्याने मोजलीत. तोच दोरा मधल्या आखूड कर्णावर धरलात. दोन्ही सारखं आलं तर शंकरपाळी खरी, कमीजास्त झालं तर चांदणीला फुगा तरी येणार नाहीतर भोक तरी पडणार. भाचीने कोनमापक लावला, टोकाचा कोन बरोबर साठ अंश. सहा साठे तीनशे साठ. ती आठवीत आहे आणि हे तिला शाळेत शिकवलेलं होतं. तरी दोऱ्याने ते होतं हे बघून ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरणार नाही. तिने त्या दिवशी एकटीने चोवीस शंकरपाळ्या कापल्या, पुठ्ठ्यावर कडा दुमडून टाचल्या. चार गोधड्यांच्या चार चांदण्या तिच्या हातच्या आहेत. आजीच्या लाल लुगड्यावर आईच्या साडीची पांढरी चांदणी. पांढरं वर नको म्हणणाऱ्या तुम्हीच चांदणीला पांढरं कापड काढून दिलंत. "चांदणी पांढरीच असती," एवढंच म्हणालात.

बाबांचे चौकड्यांचे सदरे, भाचीचा जुना गणवेश, स्वयंपाकघराचा हिरवा पडदा, सगळं तुम्ही रंग बघून कडेला लावलंत. उरलेल्या चिंध्यांची नाताळच्या झाडाखाली अंथरायला गोल बैठक झाली, आणि सुरूच्या फांदीला लटकवायला कापडी तारे. ते तर पोरांनीच केले, वेडेवाकडे, कापूस बाहेर आलेले. छान दिसले.

बाळाचं दुपटं मात्र तुम्ही एकट्याने, कुणाला न सांगता शिवून आणलंत. सगळ्यांत जुन्या साडीचं, पांढऱ्यावर पांढरं, मध्ये एकच पदर. "लेकराला पांढरं चालतं," म्हणत तुम्ही ते आईच्या मांडीवर ठेवलंत. आईने ते पसरलं, एक कोपरा आत दुमडला, बाळ त्यावर ठेवलं, डावी बाजू, पाय, उजवी बाजू, आणि दोन श्वासांत बाळ गुंडाळून तयार. जी बोटं सुई धरत नाहीत त्या बोटांनी. आम्ही कुणीच तिला हे करताना कधी पाहिलं नव्हतं, मावशी. ती आयुष्यभर हे दवाखान्यात करत आली आणि आम्ही घरी तिची वाट बघत असायचो.

24 तारखेच्या रात्री घरच्या प्रार्थनेत आईने लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला. मरीयेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. दर वर्षी हेच वाचलं जातं, आम्हाला पाठ आहे. यंदा त्या ओळीवर आई थांबली, चष्मा काढला आणि पुढचं भावाला वाचायला दिलं.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. तुम्ही माळकरी, म्हणून आईने तुमच्यासाठी वेगळ्या भांड्यात पुरण घातलं होतं आणि सकाळपासून सगळ्यांना त्या ओट्याकडे फिरकू दिलं नव्हतं. दुपारी पेटी, तबला निघाला. आपल्या नगरात अनेक वर्षं राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची (1861–1919) भजनं आम्ही अजून गातो, अभंगाच्या चालीची. तुम्ही भिंतीला टेकून ऐकत होतात. दुसऱ्या कडव्याला तुमच्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि तिसऱ्याला तुम्ही आमच्या पाळकसाहेबांच्या हातून टाळ मागून घेतलेत. शब्द आमचे आणि टाळ तुमचा. आई माझ्या कानात म्हणाली, "बघ, एक टाका सुटत नाही."

आता जे लिहायला जड जातंय ते. मजुरी ठरवताना आमच्या घरातून तुमच्याशी घासाघीस झाली. तुम्ही सांगितलेला आकडा ऐकून "हाताने शिवायला एवढे?" असं म्हटलं गेलं आणि मी तिथे उभी असून गप्प बसले. तेव्हा मी एक ओळही शिवली नव्हती. आता दोन गोधड्या शिवल्यावर मला कळतं की एका गोधडीत किती दुपारी जातात, पाठ कुठे धरते आणि रात्री डोळ्यांपुढे टाके कसे नाचतात. तुम्ही काही न बोलता कमी पैशांत कामाला आलात, आणि शिकवण्याचे तर घेतलेच नाहीत. तुम्ही मूळ सांगितलेली रक्कम, चारही गोधड्यांची, या पत्राबरोबर पाठवते आहे. तो उपकार समजू नका. ती तुमचीच आहे, उशिरा पोचते आहे याची लाज वाटते. आणि ज्यांना माझ्याकडून तुमचा पत्ता हवा आहे त्यांना मी आधी तुमचा दर सांगते आणि मग पत्ता.

बहिणीचं विमान 2 जानेवारीला होतं. सामानाचं वजन जास्त भरलं. तिने बॅग परत उघडली, चकल्यांचा डबा काढला, लोणच्याच्या दोन्ही बरण्या काढल्या, नवे बूट काढले. गोधडी तळाला होती, तिला हात लावला नाही. दुबईत थंडी ती काय असणार, पण एसीत पायांवर घेऊन बसते म्हणाली. भावाची नाशिकला गेली. माझी पुण्यात, आणि हे लिहितानाही ती माझ्या मांडीवर आहे. आईची तिच्या पलंगावर.

आईच्याच गोधडीची मधली शेवटची चौकट तुम्ही बंद केलीत ना, तेव्हा आधी पदरातून चिमूटभर तांदूळ काढून आत सोडलेत. "पोट रिकामं नसावं." आणि त्या तांदळांवर धोब्याची खूण असलेला तो तुकडा ठेवलात. मग आईला सुई दिलीत. तिला धरवेना, तर तुम्ही तिचा हात तुमच्या हातात घेऊन शेवटचे चार टाके घातलेत आणि गाठ मारलीत. ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. तुम्हा दोघींनाही ते ठाऊक नाही, म्हणून सांगते.

ट्रंकेत अजून तीन साड्या आहेत. आईने त्या काल स्वतः भिजत घातल्या. विचारलं तर म्हणाली, एक गोधडी मावशींच्या नातवाला, पण या वेळी शिवणार आपण आणि त्यांनी नुसतं बसून बघायचं. संक्रांतीनंतरच्या रविवारी या. उपासना अकराला सुटते.

तुमची,
नर्सबाईंची थोरली

ता. क. — मोठ्या नेढ्याची तुमची ती लांब सुई माझ्या डब्यात राहिली आहे. तिला गंज लागू नये म्हणून मेणाच्या तुकड्यात खोचून ठेवली आहे. येताना आणते.